अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झालेले काम

निवृत्तीनंतरची वर्षे : लेखांक ५

मागच्या चार लेखांत पेन्शन, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा आणि मृत्युपत्र असा पैशांचा हिशेब झाला. आता वेळेचा हिशेब. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात. पहिले दोन-तीन महिने कुलदैवताचे दर्शन, राहून गेलेले नातेवाईक आणि घराची डागडुजी यांत भुर्रकन निघून जातात. खरी परीक्षा त्यानंतर असते. अकराच्या सुमारास फोन वाजत नाही, कुणी सहीसाठी अडून बसत नाही आणि दिवस खायला उठतो.

महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले ते १९१६ साली, नेमके याच वयात. फर्ग्युसन कॉलेजात १८९१ पासून गणित शिकवून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांनी आधी उभी केलेली हिंगण्याची संस्था मार्गी लागली होती. आता स्वस्थ बसले असते, तरी कुणी नावे ठेवली नसती. पण टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली आणि असे विद्यापीठ इथेही हवे, असे त्यांनी मनावर घेतले. सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळालेले तेच आजचे एसएनडीटी.

पुढचा आलेख आणखी थक्क करणारा आहे. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. परतल्यावर काही महिन्यांतच आफ्रिकेला गेले. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, खेड्यांतल्या मुलांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

कर्वे यांचे कर्तृत्व असामान्य होते, त्याची अपेक्षा कुणाकडून करू नये. मात्र त्यांची कामाची निवड पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी त्यांनी कुणाचे काय अडले आहे, हे आधी पाहिले. निवृत्तीनंतर समाधान कशात आहे, याचे सर्वांत भक्कम उत्तर इथेच सापडते. वाचन, गाणे, बागकाम हे छंद हवेतच, पण त्यांच्या जोडीला आपण गेलो नाही तर कुणाचा तरी खोळंबा होईल, असे एखादे काम हवे.

जपानने ही गोष्ट व्यवस्थेत बसवली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर टोकियोत साठीपुढच्या लोकांना हलकी कामे मिळवून देणारी केंद्रे सुरू झाली आणि १९८६ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. आज देशभर त्यांचे सुमारे सात लाख सभासद आहेत. झाडांची छाटणी, कागदी सरकत्या दारांची दुरुस्ती, सायकल तळाची देखरेख अशी कामे सभासद वाटून घेतात. काम साधारणपणे महिन्याला दहा दिवसांच्या आसपास असते. मोबदला थोडा मिळतो, पण ठरलेला दिवस, सोबतीचे लोक आणि हातात स्वतःच्या कष्टाचे पैसे, या तिन्ही गोष्टी मिळतात.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या स्वयंसेवकांना प्राथमिक शाळांत पाठवण्यात आले. आठवड्याला १५ तास, मुलांना वाचायला मदत करायची. एकेका शाळेत एकेकटा माणूस न पाठवता गट पाठवला गेला, हे महत्त्वाचे. सुरुवातीच्या अभ्यासातच दिसले, की या लोकांची शारीरिक हालचाल वाढली, टीव्हीसमोरचे तास घटले आणि अडचणीत हाक मारता येईल अशी माणसे वाढली.

आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि राज्यभरातल्या संघांचा फेस्कॉम हा महासंघही आहे. वाढदिवस, व्याख्याने, सहली यांनी एकटेपण कमी होते, ही मोठीच गोष्ट. पण या संघांत निवृत्त शिक्षक असतात, परिचारिका असतात, बँकेतले, वीज मंडळातले, पोस्टातले लोक असतात. वाचनात मागे पडलेली मुले जवळच्या शाळेत सापडतील. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ करणारे ऐंशीपुढचे निवृत्तिवेतनधारक त्याच गल्लीत राहतात. गरज आणि अनुभव यांची गाठ घालून देणे संघांच्या आवाक्यातले आहे.

घरातल्या बाईचा विचार इथे वेगळा करायला हवा. चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गृहिणीच्या निवृत्तीची तारीख कुठल्याच सेवापुस्तकात नसते. उलट पती घरी बसला, की दुपारचे जेवण आणि चहाच्या फेऱ्या वाढतात. निवृत्त पुरुषाने पहिली जबाबदारी घरातच घ्यावी. एका वेळचा स्वयंपाक किंवा बाजारहाट त्याने उचलला, तर तिलाही भजनी मंडळाला, ग्रंथालयात किंवा मैत्रिणींबरोबर बाहेर पडता येईल.

कामाची निवड करताना काही पथ्ये पाळलेली बरी. ठिकाण चालत जाण्याइतके जवळ असावे. आठवड्याचे दोनच दिवस घ्यावेत, पण ते चुकवू नयेत. तीन महिने करून पाहावे. रुचले नाही, तर मोकळेपणाने सांगून दुसरे शोधावे. जुन्या पदाचा तोरा घरी ठेवावा, कारण शाळेत किंवा ग्रंथालयात तिथल्या माणसांच्या पद्धतीनेच काम करावे लागते.

आणि ही तयारी निरोप समारंभानंतर सुरू करू नये. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरली असतील, तर याच सुट्टीच्या दिवशी जवळच्या ग्रंथालयात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जावे आणि आपली कुठे गरज आहे, हे विचारून यावे.

(पुढील आठवड्यात : नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा)