उष्टावणानंतरचें अन्न

वासरास चीक किती पाजावा, कोंवळी वैरण केव्हां दाखवावी, हें कोणताहि जाणता शेतकरी न अडखळतां सांगेल. परंतु घरांतील मूल ६ महिन्यांचें झाल्यावर त्याच्या वाटींत काय पडतें असें विचारल्यास तोच गृहस्थ 'तें बायका पाहतात' म्हणून मोकळा होतो. वस्तुतः त्या वाटींत पडावयास पाहिजे तें बहुतेक त्याच्याच कणगींत व गोठ्यांत असतें, आणि धान्य कोणतें ठेवावयाचें व दूध किती विकावयाचें हें ठरविणाराहि बहुधा तोच असतो. म्हणून हा विषय शेतकीच्या मासिकांत अस्थानीं होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

पहिले ६ महिने मुलास आईच्या दुधावांचून दुसरें अन्न लागत नाहीं. वरचें पाणीहि लागत नाहीं. त्यानंतर मात्र दोन गोष्टी बरोबरच घडतात. एक तर वाढत्या अंगास आईचें दूध एकटें पुरत नाहीं. दुसरें, जन्मतःच शरीरांत जो लोहाचा सांठा आलेला असतो तो सरत येतो, आणि आईच्या दुधांत लोह फार थोडें असतें. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ६९ मुलांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. हीं सर्व कांहीं उपाशी घरचीं मुलें नव्हत.

मुलाचें उष्टावण सम महिन्यांत व मुलीचें विषम महिन्यांत करण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. मामाची सवड, मुहूर्त, सुगीची धांदल, ह्यांत आठवा-नववा महिना उजाडतो. समारंभ केव्हांहि करावा. परंतु ६ महिने पुरे होतांच अन्न सुरू झालेंच पाहिजे. ह्या दिवसांत मागें पडलेली उंची पुढें भरून काढणें अवघड जातें. आईचें दूध मात्र तोडूं नये. तें २ वर्षांपर्यंत व पुढेंहि चालूं द्यावें.

खरी चूक होते ती पातळपणाची. भाताची पेज, वरणाचें वरचें पाणी, पिठाची पाण्यासारखी लापशी हींच तान्ह्या मुलाचीं अन्नें अशी समजूत आहे. डाळीचा कस पाण्यांत उतरतो हा भ्रम होय. कस डाळींतच तळाशीं राहतो आणि मुलास वरचें पिवळें पाणी मिळतें. त्याचें पोट लहान. एवढ्या पाण्यानें तें भरतें व मूल तोंड फिरवितें. आई समजते, मूल जेवलें. ६ ते ८ महिन्यांच्या मुलास आईच्या दुधाखेरीज रोज सुमारें २०० उष्मांक लागतात, ९ ते ११ महिन्यांच्या मुलास ३००, व त्यापुढें दुसऱ्या वर्षांत ५५०. वरणाच्या पाण्यानें हा हिशेब जुळणें शक्य नाहीं. परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका केला असतां जें झटकन् ओघळून जातें तें अन्न पातळ समजावें. चमच्यावर ठरून सावकाश खालीं पडावें इतकें दाट असावें. त्यावर लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तूप घातलें कीं न वाढलेल्या वाटींत ४५ उष्मांक वाढतात. तुपाऐवजीं घाण्याचें तेल असलें तरी काम तेंच होतें.

आरंभ मऊ खिचडीनें करावा. दोन भाग तांदूळ व एक भाग मुगाची डाळ एकत्र शिजवून हातानें मोडावी व वर तूप सोडावें. हें प्रमाण उगीच नाहीं. तांदूळ, गहूं, ज्वारी ह्यांच्या मांसवर्धक द्रव्यांत लायसीन नांवाचा घटक तोकडा असतो, तो डाळींत भरपूर आहे. आणि डाळींत जें उणें असतें तें धान्यांत असतें. मांसाहार न करणाऱ्या घरांत ही जोडी कधीं फोडूं नये. भाजणीच्या पिठाची लापशी, मऊ भात व मेतकूट, वरणांत कुस्करलेली भाकरी हीं सर्व त्याच जोडीचीं रूपें होत.

नाचणीसंबंधीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. कारण 'सत्त्व' ह्या एका नांवाखालीं दोन भिन्न वस्तू घरोघर होतात. पहिल्या प्रकारांत नाचणी भिजवून वाटतात, फडक्यांतून गाळतात व खालीं बसलेला पांढरा साका वाळवून ठेवतात. हें दिसावयास सुंदर खरें, परंतु बहुतेक नुसतें पिष्टच. १०० ग्रॅम नाचणींत हाडांस लागणारें कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें, तांदुळांत १० च्या आसपास. आणि नाचणीच्या ज्या सालींत तें विशेष आहे तीच चोथ्याबरोबर म्हशीच्या घमेल्यांत जाते! दुसरा प्रकार मोडाचा. नाचणी धुवून रात्रभर भिजवावी, उपसून ओल्या फडक्यांत बांधावी. दीड-दोन दिवसांत बारीक मोड येतात. आंबट वास आल्यास ती नाचणी टाकून द्यावी. मग खडखडीत वाळवून, मंद आंचेवर किंचितच भाजून, मोड चोळून काढावे व दळावी. मोड येतांना धान्यांत पिष्ट फोडणारें एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें. त्यामुळें ह्या पिठाची लापशी घट्ट गोळा न होतां सैल राहते, आणि पाणी न वाढवितां त्याच वाटींत अधिक पीठ मावतें. फार भाजल्यास हा गुण जातो. पीठ चाळावयाचें तर जाड चाळणीनें चाळावें.

आतां दुधाविषयीं. ज्याच्या घरीं दुभतें आहे तो मुलास पेल्यामागून पेला दूध पाजतो व बाळसें पाहून संतोष मानतो. अशा घरींच मूल कधीं कधीं गुबगुबीत परंतु पांढरेंफटक दिसतें. गाईम्हशीच्या दुधांत लोह जवळजवळ नाहीं, उलट अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तें आड येतें, आणि दुधानें पोट भरलेलें मूल खिचडीस तोंड लावीत नाहीं. म्हणून वर्षाच्या आंत वरचें दूध पेय म्हणून देऊं नये. लापशींत थोडें घालावें, ताजें दहीं चार चमचे द्यावें. लोहाकरितां डाळी, लाल माठ किंवा शेवग्याचा पाला बारीक करून खिचडींतच शिजवावा, आणि ताटांत वाढल्यावर वर लिंबाचे कांहीं थेंब पिळावे. आंबटानें वनस्पतींतील लोह अधिक लागूं पडतें. चहा मुलास एक घोटहि नको. तथापि एवढ्यानेंहि शाकाहारी मुलाची उणीव नेहमीं भरतेच असें नाहीं. सरकारी योजनेंत ६ महिन्यांपासून लोहाचें औषध १ मिलिलिटर आठवड्यांतून २ वेळ देतात. तें आशा कार्यकर्तीकडून मागून घ्यावें. शौचास काळें होतें म्हणून तें बंद करूं नये.

बी-१२ हें जीवनसत्त्व कोणत्याहि धान्यांत वा भाजींत नाहीं. शाकाहारी घरांत तें दूध, दहीं व ताक ह्यांतूनच येतें, आणि तान्ह्या मुलास आईच्या दुधांतून मिळतें. सकाळीं सर्व दूध सोसायटीच्या कॅनमध्यें ओतून अंगावर पाजणाऱ्या सुनेच्या वांट्यास चहापुरतें ठेवणें हा फार महाग पडणारा व्यापार आहे. मूल मलूल होऊन हंसेनासें झालें, धरूं लागलेली मान पुन्हां टाकूं लागलें किंवा त्याचे हातपाय कांपूं लागले, तर अंगारेधुपारे न करतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

वर्षाच्या आंत मध मुळींच देऊं नये. त्यांतून विषारी जंतु पोटांत जाण्याचें भय असतें. मीठ व साखरहि घालूं नये. भुईमुगाचे दाणे भाजून अगदीं मऊ वाटून दिल्यास उत्तम. मात्र बुरशीचा एकहि दाणा त्यांत जाऊं नये, आणि अख्खे दाणे वा फुटाणे श्वासनळींत अडकतात म्हणून हातीं देऊं नयेत.

प्रथम दोन-तीन चमचे, दिवसांतून २ ते ३ वेळ. आठव्या महिन्याअखेर अर्धी वाटी. नवव्या महिन्यानंतर ३ ते ४ वेळ व थोडें भरड. वर्षाचें झाल्यावर घरचेंच जेवण, पाऊण ते एक वाटी, तिखटावांचून. वाटी निराळी ठेवावी, म्हणजे किती खाल्लें तें कळतें. जुलाब किंवा ताप आल्यास मुलास लंघन घडवूं नये. आईचें दूध अधिक वेळां द्यावें, जुलाबांत क्षारसंजीवनी पाजावी, खिचडी थोडी थोडी चालूं ठेवावी, आणि बरें वाटूं लागल्यावर दोन आठवडे नेहमींपेक्षां एक वेळ जास्त भरवावें.