पित्ताशय काढलं, मग खांदा का दुखतोय?

मागच्या महिन्यात आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. रात्री ती म्हणते, "पोटाचं सोड रे, उजवा खांदा ठणकतोय." माझी तंतरली. हार्टचं तर नाही ना?

सिस्टर म्हणाल्या, गॅस आहे. खाण्यापिण्याचा नव्हे हं! ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती-पोटामधला पडदा चुरचुरतो. या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसाही तिथल्याच. मेंदू पत्ता चुकतो. बग एका फाइलमध्ये, एरर दुसरीकडे, आमचं रोजचंच.

आता भूल. सहसा चार छिद्रं पाडतात. तिथे ब्युपिव्हकेनसारखं औषध टोचलं की पुढचे काही तास जखमा बधिर राहतात. पण खांद्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून काही सर्जन तेच औषध आत, पडद्याखाली शिंपडतात. गुण मात्र सगळ्यांना सारखा येत नाही. वाट्टेल तेवढंही देता येत नाही. डोस वजनावर ठरतो, जास्त झाला तर हृदयावर बेततं.

ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना विचारा, छिद्रांत भूल देणार का? आणि नंतर छातीत दुखलं, धाप लागली, तर 'गॅसच असेल' म्हणत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

आईचा खांदा तिसऱ्या दिवशी थांबला.