पट दगडात, नियम तोंडात

नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतींवर जो ब्राह्मी लेख आहे, त्यातला हिशोब मोठा चोख आहे. राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा हा सातवाहनांचा लेख कोणत्या यज्ञात किती दक्षिणा दिली ते आकड्यांनिशी सांगतो : एके ठिकाणी १२ गायी आणि १ घोडा, दुसऱ्या ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ साली याच आकड्यांवर निबंध लिहिला आणि भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासात या घाटाला कायमची जागा मिळाली. त्याच घाटाच्या परिसरात कातळावर आणखीही काही कोरलेले आहे, ज्याच्याकडे पावसाळी पर्यटकांचे लक्ष सहसा जात नाही. उथळ, वाटीसारख्या खळग्यांच्या दोन समांतर रांगा तिथे आहेत. हा बिया किंवा खडे एकेका खळग्यात टाकत पुढे सरकण्याच्या खेळाचा पट. जगभरचे अभ्यासक या कुळाला मंकला म्हणतात, तमिळनाडूत तो पल्लांगुळी होतो आणि कर्नाटकात अळगुळी मणे. दक्षिणेतल्या गायी-घोड्यांचा हिशोब दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतो. खळग्यात किती खडे घ्यायचे, हात कुठे थांबवायचा, समोरच्याचे खडे कधी उचलायचे, हे मात्र घाटात कुणीही लिहून ठेवलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच की खेळ पटात नसतो, तो नियमात असतो. आणि नियम जिवंत ठेवण्याचे काम राजे, पुराणवस्तुखाते किंवा कंपन्या यांपैकी कुणीही करत नाही, ते नादिष्ट माणसे करतात. बोर्ड गेमचा खोका उघडल्यावर बाकीचे सोंगट्यांच्या रंगांवरून भांडत असताना जो एकटा नियमपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि ‘थांबा, असं चालत नाही’ म्हणून सगळ्यांचा विरस करतो, त्याची बाजू घेण्यासाठी हा लेख आहे. त्याला घरात ‘काम नाही धंदा नाही’ हे ऐकावे लागते, पण खेळाच्या इतिहासातला खरा लेखनिक तोच.

पुरावा हवा तर घाटातून थेट इराकात जावे लागेल. उर इथल्या राजथडग्यांत लिओनार्ड वूली यांना १९२०च्या दशकात शिंपले जडवलेले सुंदर पट मिळाले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पट होते, सोंगट्या होत्या, फासे होते, तरी खेळ मुकाच होता. मग ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी बॅबिलोनमधली एक मातीची पाटी वाचली. इ. स. पूर्व १७७च्या सुमारास एका लेखनिकाने तिच्यावर या खेळाच्या एका उत्तरकालीन रूपाचे नियम लिहिले होते, आणि त्या आधाराने आज तो खेळ पुन्हा खेळता येतो. नाणेघाटाचा लेख साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात, म्हणजे काळाचे अंतर फार नाही. लेखनकला दोन्हीकडे होती. फरक पडला तो एका माणसाच्या लहरीचा. याच्या नेमके उलटे उदाहरण अमेरिकेतले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तेव्हा खोक्यात पट नव्हताच, होत्या तीन पातळ पुस्तिका. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. पन्नास वर्षे उलटली तरी तो खेळ चालू आहे, कारण जे टिकायला हवे तेच छापले गेले होते.

यावर पहिला आक्षेप असा की हे खळगे खेळाचेच कशावरून? धान्य कांडायचे, खांब रोवायचे, दिव्याचे तेल घालायचे असतील. आक्षेप रास्त आहे आणि सुटा खळगा दिसला की पट दिसला म्हणणाऱ्यांना तो ऐकवलाच पाहिजे. पण सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे, दोन ओळींत मोजून कोरलेले उथळ खळगे, तेही दोघांना समोरासमोर बसता येईल अशा जागी, हे उखळाचे काम नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : हे पट सातवाहनकालीन असतील कशावरून? दोनशे वर्षांपूर्वी गुरे राखणाऱ्या एखाद्या पोरानेही ते कोरले असतील. असतीलही. कातळावरच्या खळग्याचे वय नुसत्या नजरेने ठरत नाही, आणि ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा गेम’ अशी पाटी लावण्याची घाई करू नये. माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. कल्याण-सोपाऱ्याहून चढून आलेला तांडा असो, जकातीच्या रांजणाजवळचा पहारेकरी असो की घाटघरचा गुराखी, घाटमाथ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येते ते थांबणे. थांबणे आले की खेळ येतो. पट मात्र दोनशे वर्षांचा असला तरी त्याचे नियम हरवलेले आहेत, हे उलट जास्त लाजिरवाणे.

नियम हरवतात म्हणजे काय होते, हे सारीपाटाने सर्वांत स्पष्ट दाखवले आहे. म्हाळसेशी सारीपाटात हरून खंडोबाला बाणाईकडे चाकरीला जावे लागले, ही कथा वाघ्या-मुरळी गावोगाव सांगत आले. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. देव नेमका कोणत्या दानाने हरला असेल हे विचारले तर उत्तर देणारा सापडायचा नाही. सारीपाट आणि पच्चीशी या कुळातून इंग्लंडात १८९६ साली ‘लुडो’चे पेटंट निघाले. लांबट फासे किंवा कवड्या जाऊन एक चौकोनी फासा आला. त्याहून मोठा बदल कुणाच्या नजरेत भरला नाही. जुन्या खेळात समोरासमोरचे दोघे जोडीदार असत, एकाच्या सोंगट्या आधी घरी पोचल्या तरी जोडीदार अडकला तर डाव गेला. लुडोत ज्याचा तो. क्रॉसचा आकार तोच, घरे बरीचशी तीच, आणि आतला खेळ निराळा. नवी मुंबईत बनलेला ‘लुडो किंग’ २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला तेव्हा अनेकांनी आनंदाने म्हटले की आपला जुना खेळ परत आला. परत आला तो पट.

मोक्षपटाचेही तेच. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे आपल्याकडे मानतात, आणि नाणेघाटाच्याच जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला त्यांच्या रेड्याची समाधी असल्याने या भागात ही समजूत विशेष प्रिय आहे. त्यांच्या काळातला पुरावा त्यासाठी नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. पण पाप-पुण्यांची नावे लिहिलेले जुने पट आहेत, आणि ती नावे पुसून नुसते आकडे राहिले तेव्हा सापशिडी झाली.

व्हिडिओ गेमवाल्यांना वाटेल की हे दुखणे दगडाचे आहे, संगणकाचे नाही. तिथे तर नियम हाच मजकूर असतो. प्रत्यक्षात संगणकावरचा खेळ दगडापेक्षा लवकर मरतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मांडले की तिथे २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. जे शिल्लक आहेत ते जुनी यंत्रे दुरुस्त करत बसणाऱ्या नादिष्टांमुळे. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि काही आठवड्यांत सर्व्हर बंद होऊन खेळ मिटला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा असा की खेळाचा नियम दूरच्या यंत्रात ठेवला की तो खेळणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही.

शेवटचा आक्षेप लोकपरंपरेच्या अभ्यासकांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. लोकखेळाला एकच नियम नसतो, तो गावागणिक बदलतो. लिहिला की गोठतो, मग पुस्तकातलाच खरा ठरतो. हे खरे आहे, पण त्यावरचा उपाय न लिहिणे हा नाही. गावाच्या नावासकट लिहावे : ओतूरला असे, घोडेगावला तसे. दोन नियम एकमेकांशी भांडत शेजारी राहू द्यावेत. कारण तोंडी परंपरेला गाव लागते, आणि गाव कायमचे असते असे आंबेगाव तालुक्याला तरी सांगू नये. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले आणि माणसे पांगली. वाघबकरीसारख्या खेळाला दोन माणसे पुरतात हे खरे, पण त्या दोघांना एकाच ओट्यावर खेळ शिकवलेला असावा लागतो.

तेव्हा या दिवाळीत सुट्टीवर गावी गेलेल्यांनी आजीला पाककृती विचारताना एक प्रश्न जास्तीचा विचारावा. सागरगोट्यांचे डाव किती, काचापाण्यात बाद केव्हा, वाघबकरीत बकऱ्या किती आणि वाघाने उडी कुठून मारायची. उत्तर वहीत लिहावे, खाली गाव आणि तारीख घालावी. आजोबा मध्येच म्हणाले की आमच्याकडे असं नव्हतं, तर तेही लिहावे, वेगळ्या ओळीत.