पिंजऱ्यातील जोडी आणि गृहस्थाची जबाबदारी

मुलांच्या हट्टापायी आणलेली रंगीत पक्ष्यांची जोडी आज अनेक कुटुंबांच्या गॅलरीत दिसते. दुकानदार तिला ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतो. प्रत्यक्षात ते बहुधा बजरिगार, म्हणजे ऑस्ट्रेलियातील लहान पोपट असतात. आपल्याकडील हिरवा पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहे. बजरिगार परदेशी जातीचा असल्यामुळे या मनाईत येत नाही, आणि म्हणूनच बाजारात त्याची एवढी रेलचेल आहे. जोडीसोबत पिंजऱ्यात टांगण्यासाठी एक मातीचे मडकेही दिले जाते. त्या मडक्याचा अर्थ मात्र सहसा कोणी सांगत नाही. काही महिन्यांनी त्यात अंडी दिसतात आणि मग कुटुंबात विचारविनिमय सुरू होतो. तोपर्यंत निर्णयाची योग्य वेळ निघून गेलेली असते.

व्यापारी कुटुंबांस हिशेब सांगावा लागत नाही, तरीही तो एकदा मांडून पाहावा. बजरिगारची मादी एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते. एका वेळची पाच पिल्ले जगली आणि वर्षातून दोनदा वीण झाली, असे धरले तर दोनाचे बारा पक्षी होतात. त्या बारांच्या सहा जोड्या होऊन त्याच गतीने वाढल्या, तर दुसऱ्या वर्षअखेरीस संख्या बहात्तर होते. चक्रवाढ व्याज ठेवीवर सुखावह असते. पिंजऱ्यात तसे नसते. भावंडांची आपसांत जोडी जमून अशक्त संतती होते, जागा अपुरी पडते, आणि शेवटी पक्षी त्याच दुकानात परत जातात. जीवदयेच्या भावनेने सुरू झालेली हौस अशा रीतीने पक्ष्यांच्या व्यापाराचा पुरवठा वाढवू लागते.

मग नर व मादी एकत्र ठेवूच नयेत काय? तसे नाही. बजरिगार हा थव्यात राहणारा पक्षी आहे; एकटेपण त्यास मानवत नाही. नर मादीला चोचीतून घास भरवतो, दोघे एकमेकांची पिसे साफ करतात. हे साहचर्य अंड्यांवाचूनही टिकते. त्यासाठी त्याच्या निसर्गाची ओळख मात्र हवी.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात या पक्ष्याला विणीचा ठराविक महिना नसतो. पाऊस पडला, गवताला दाणा आला आणि झाडाच्या खोडात ढोली मिळाली की तो वीण करतो. म्हणजे मुबलक अन्न, अनुकूल काळ आणि अंधारी पोकळी ही त्याची तीन निमंत्रणे. घरातील पिंजऱ्यात आपण नकळत तिन्ही देतो. ती मागे घेणे हाच उपाय आहे.

पहिली गोष्ट मडक्याची. ते प्रथम दिवसापासून काढून टाकावे. लाकडी पेटी, नारळाची करवंटी, कापडी झोपडी, कागदाचा ढीग, किंवा मादीला आत शिरता येईल असे भांडे, यांपैकी काहीही पिंजऱ्यात नसावे. पोकळी नसेल तर बहुतेक जोड्या विणीकडे वळतच नाहीत. काही माद्या पिंजऱ्याच्या तळाशीही अंडी घालतात. म्हणून हा एकच उपाय पुरेसा समजू नये.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. शहरी घरात रात्री अकरा-बारापर्यंत दिवे आणि दूरदर्शन चालू असते. त्यामुळे पक्ष्याचा दिवस सोळा तासांचा होतो आणि शरीरास विणीचा काळ आल्याचा संकेत मिळतो. दिवस दहा-बारा तासांपेक्षा मोठा होऊ देऊ नये. चोविहार पाळणाऱ्या घरात हे सोपे आहे: सूर्यास्ताला कुटुंबाचे भोजन आटोपले की पिंजऱ्यावर हवा खेळेल असे सुती कापड घालावे आणि पिंजरा शांत खोलीत हलवावा.

तिसरी गोष्ट आहाराची. राळा, बाजरी यांसारखे कोरडे धान्य मोजून द्यावे; सोबत धुतलेली कोथिंबीर, पालक द्यावा. मऊ, भिजवलेले व तेलकट बियांचे खाद्य टाळावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ आहे, आणि ‘बंध’ही आहे. वीण टाळण्यासाठी पक्ष्याला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. बजरिगारचे वजन अवघे तीस-चाळीस ग्रॅम असते. त्याला दीर्घ उपासमार सोसत नाही. आहार साधा करावा, अपुरा करू नये. पाणी तर कधीही तोडू नये. आणि बंधाचा दोष कमी करावयाचा तर पिंजरा प्रशस्त असावा, दररोज बंद खोलीत काही वेळ उडण्याची मुभा असावी.

चौथी गोष्ट निरीक्षणाची. प्रौढ नराच्या चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवतीचा पट्टा सामान्यतः निळा असतो. मादीचा पट्टा विणीच्या तयारीत गडद तपकिरी व खरबरीत होतो. ती कागद कुरतडते, कोपऱ्यात शिरते, तिची विष्ठा नेहमीपेक्षा मोठी होते. ही लक्षणे दिसताच पिंजऱ्यातील दांड्या व खेळणी यांची जागा बदलावी, अंधाराचे तास वाढवावे, आणि दोघांना काही आठवडे शेजारी-शेजारी दोन पिंजऱ्यांत ठेवावे. एकमेकांचा आवाज व सहवास त्यांना मिळत राहतो. ज्या कुटुंबाने पक्षी अद्याप आणलेले नाहीत, त्यांच्यापुढे याहून सोपा मार्ग आहे. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात. दोन माद्यांमध्ये मात्र भांडणे अधिक होतात. इतक्या लहान पक्ष्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया धोक्याची असल्यामुळे ती सहसा केली जात नाही.

इतके करूनही अंडे आलेच तर? घाईने ते उचलून टाकू नये. अंडी काढली की मादी त्यांच्या भरपाईसाठी आणखी घालू शकते आणि तिच्या शरीरातील कॅल्शियम आटते. अंडे आत अडकले तर तिचा जीवच धोक्यात येतो. पिसे फुलवून तळाशी बसणे, कुंथणे, शेपूट सतत हलणे ही चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. कॅल्शियमसाठी दुकानात समुद्रफेन देतात; तो सागरी जीवाच्या शरीराचा भाग आहे. चुनखडीपासून केलेली खनिज वडी मिळते. ती घेताना घटक विचारून घ्यावेत.

पक्षीपालक सामान्यतः अंडी उबण्यापूर्वी नष्ट करतात आणि त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवतात. अंडज जीवांचा जन्म गर्भजन्मात गणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या घराला हे सहजासहजी पटणार नाही. अशा घराने तेवढी एक वीण पार पडू द्यावी. मादी सुमारे अठरा दिवस अंडी उबवते. पिल्ले साधारण पाच आठवड्यांनी बाहेर पडतात. या काळात नर मादीला व पिल्लांना भरवतो, म्हणून त्याला वेगळे करू नये. पिल्ले स्वतः दाणे टिपू लागली की मात्र घरटे काढावे, नर व मादी वेगळे करावे, आणि पिल्लांचीही त्याच प्रकारे वेगळी सोय करावी. ती पिल्ले पाच ते आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतात. तेवढ्या काळाची जबाबदारी आपण स्वीकारली आहे हे ध्यानात ठेवावे.

वाढलेले पक्षी आकाशात सोडून देणे हा उपाय मनात येऊ नये. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरिगारला येथील अन्न शोधता येत नाही. कावळे, शिक्रे व मांजरे त्याला लवकरच गाठतात. पर्युषणात पुण्यभावनेने केलेली अशी मुक्तता म्हणजे अभयदान होत नाही. दिल्लीत चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालते. जखमी पक्ष्यास तेथे जी काळजी मिळते, तिची सुरुवात प्रत्येक घर स्वतःच्या पिंजऱ्यापासून करू शकते. आज घरी जोडी असेल, तर संध्याकाळी मडके खाली उतरवावे आणि वेळेवर पिंजऱ्यावर कापड घालावे. यास खर्च काही नाही. नियम मात्र रोजचा आहे.