दुसऱ्या गियरमधला सूर

चाळीसगाव सोडून कन्नड घाटाच्या पायथ्याशी आलं की आमचे काका गाडीतल्या सगळ्यांना गप्प करायचे. टेपही बंद व्हायचा. त्यांची पांढरी मारुती ८००, आत आम्ही पाच जण, टपावर वळकटी आणि मे महिन्याची दुपार. टॅकोमीटर त्या गाडीला नव्हताच, त्यामुळे इंजिनाचे फेरे मोजायला कान हे एकच साधन. काकांचा कान मात्र चुकीचं ऐकायचा. आवाज चढला की गाडीला त्रास होतोय असं त्यांना वाटे, म्हणून ते घाईने तिसरा गियर टाकत. मग चढावर इंजिन दबून घुमायला लागे, बॉनेटखाली टकटक सुरू होई आणि दोन वळणांत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरके.

त्यांना शहाणं केलं धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा. चाचांचं म्हणणं एका वाक्यात मावायचं: "इंजिन ओरडस तवय नही, कन्हस तवय मरस." ओरडतं तेव्हा नाही, कण्हतं तेव्हा मरतं. पुढे मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं, आकडे मांडून पाहिले. चाचांचं वाक्य एकाही आकड्याने खोटं पाडलं नाही.

मारुतीचं हे इंजिन म्हणजे ७९६ सीसी आणि तीन सिलिंडर. १९८३च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत खानदेशातल्या कितीतरी घरांत पहिली चारचाकी आली ती हीच. तिची कमाल ओढ, म्हणजे टॉर्क, ५९ न्यूटन-मीटर, आणि तो मिळतो मिनिटाला २५०० फेऱ्यांना. कमाल शक्ती ३७ अश्वशक्ती, ती ५००० फेऱ्यांना. काकांची सगळी चूक या दोन आकड्यांमधल्या फटीत बसते. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. २५०० फेऱ्यांना ओढ भरपूर असते, पण हिशेब केला तर शक्ती जेमतेम एकवीस अश्व भरते. ५०००ला ओढ थोडी उतरलेली असते, तरी शक्ती ३७वर जाते. घाट चढवते ती शक्ती. चाळीसच्या वेगाला तिसऱ्या गियरमध्ये इंजिन अंदाजे अडीच हजारांवर असतं, दुसऱ्यात चार हजारांवर. इंजिन तेच, चढ तोच, पण दुसऱ्यात दहाएक घोडे जास्त जुंपलेले.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. पंचेचाळीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते. म्हणजे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात प्रत्येक घोटात इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो. वर ही हवा आधीच तापलेली, त्यामुळे दट्ट्याने दाबली गेली की ठिणगीने लागलेली आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपण होऊन भडकतं. काकांच्या बॉनेटखालची टकटक ती हीच. तिला वेळ लागतो, आणि कमी फेऱ्यांना तो वेळ मिळतो. फेरे वाढले की मिश्रण भडकायच्या आत जळून मोकळं होतं. ऑइलपंप आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात, तेही जोरात फिरतात. दबलेल्या इंजिनात मात्र बेअरिंगवर भार सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी. कण्हणं म्हणतात ते याला.

ओरडण्याचीही किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मारुतीचा दट्ट्या ७२ मिलिमीटर वर-खाली जातो. ५००० फेऱ्यांना तो सेकंदाला १६७ वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाला त्याला लागणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटींहून मोठा असतो. दट्ट्या पाव किलोचा धरला तर कनेक्टिंग रॉडला तिथे अडीचशे किलोंहून जास्त ताण सोसावा लागतो. आणि हा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: फेरे दुप्पट, तर भार चौपट. हवा आत घ्यायला जेमतेम सहा सहस्रांश सेकंद मिळतात. म्हणून व्हॉल्व्ह दट्ट्या तळाला पोचल्यानंतरही थोडा उघडा ठेवतात, नळीत धावत आलेली हवा स्वतःच्याच वेगाने आणखी थोडी आत शिरते. त्याही पलीकडे फेरे नेले की हवा पुरत नाही, व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते, आवाज फाटतो. चढलेला आवाज आणि फाटलेला आवाज यांतला फरक ओळखणं हेच चाचांचं अर्धं काम होतं.

आता सुराबद्दल. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. चार सिलिंडर असले की एका फेऱ्यात दोन स्फोट, तीन असले की दीड. ५००० फेऱ्यांना मारुती सेकंदाला १२५ वेळा पेटते, म्हणजे पेटीवर मंद्राच्याही खालच्या सप्तकातल्या पांढरी सातच्या जवळ. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी, १०८९ सीसी आणि चार सिलिंडरची, तेवढ्याच फेऱ्यांना १६७ वेळा पेटते, साधारण सा ते शुद्ध म एवढं वर. चारचाकी शौकिनांच्या लाडक्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकने ६६०० गाठले की बरोबर २२० कंपनं होतात, मंद्रातली पांढरी सहा. तीन सिलिंडरची गाडी उभी असताना थरथरते, कारण दोन स्फोटांमधली पोकळी अंगाला जाणवते. फेरे वाढले की ती पोकळी बुजते आणि एक सलग, किंचित घोगरी गुरगुर उरते. मला हा आवाज चार सिलिंडरच्या आवाजापेक्षा जास्त आवडतो. त्यात कष्टाचा खरेपणा आहे. त्यातला बराचसा सायलेन्सरमधून येतही नाही. पाय पूर्ण दाबला की एअर फिल्टरच्या तोंडातून हवा ओढल्याचा जो भरदार घोष येतो, तो इंजिनाचा श्वास.

म्हणूनच सायलेन्सर कापून बुलेट फटफटवत बसस्टँडभोवती फिरणारी पोरं पाहिली की वाईट वाटतं. त्यात आवाज वाढतो, इंजिन वाढत नाही. झोपलेल्या लेकरांना आणि दवाखान्यातल्या माणसांना त्याचा जाच होतो तो वेगळाच.

चढत्या सुराचं टोक गाठलं ते फॉर्म्युला वनने. २०१३पर्यंतची त्यांची २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिनं १८,००० फेरे घ्यायची. सेकंदाला १,२०० स्फोट. त्यांचा स्ट्रोक चार सेंटिमीटरही नव्हता, त्यामुळे फेरे मारुतीच्या ६०००च्या तिप्पट असूनही दट्ट्याचा सरासरी वेग दुपटीलाही पोचत नव्हता. उंच सूर हवा तर पाऊल छोटं टाकावं लागतं. २०१४ला सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं आली आणि सूर खाली उतरला, तेव्हा जगभरचे रसिक हळहळले.

चाचांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांचं यंत्र म्हणजे लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर. त्याचं पातं टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि मोकळ्या हाताने कार्बोरेटरची तार हळूहळू ओढत जायची. फेरे चढताना त्यांचे डोळे मिटलेले असत. एकदा आमच्या गाडीवर त्यांनी पातं तीन जागी टेकवलं आणि म्हणाले, "दोन नंबरना टॅपेट." कव्हर उघडून फीलर गेज घातला तर दुसऱ्या सिलिंडरचीच फट वाढलेली. पद्मिनी आली तर आधी तिच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकत, मग कान लावत. उन्हात पेट्रोलची वाफ अडकली की चांगलं इंजिनही खोटं बोलतं, असं ते सांगत.

काम संपलेली गाडी ते गिऱ्हाइकाला लगेच देत नसत. मालकाला शेजारी बसवून मुंबईच्या दिशेने लळिंगचा घाट गाठायचे. काचा खाली, दुसरा गियर, पाय दाबलेला. कोणी बोलायचं नाही. माथा येईपर्यंत चाचांचा डावा हात गियरच्या मुठीवर पडून असे, तळव्याला इंजिनाची थरथर लागावी म्हणून. माथ्याच्या आधीच्या वळणावर त्यांनी खिशातून बिडी काढली तर गाडी पास. नाही काढली, तर खाली येऊन बॉनेट पुन्हा उघडायचं.