पोरांकडे काय मागावं?

ययातीची गोष्ट आपण वासनेची म्हणून वाचतो. मला ती बापाची वाटते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो. चौघे नाही म्हणतात, धाकटा पुरू ते देतो. महाभारतातला ययाती हजार वर्षं ते भोगून मग परत करतो.

वि. स. खांडेकरांनी १९५९च्या ‘ययाति’त ही हजार वर्षं काढूनच टाकली. त्यांच्या ययातीला आपण मुलाचं काय घेतलं हे फार लवकर कळतं, आणि ते त्याच्याच तोंडून ऐकताना अंगावर येतं. पुढे १९६१मध्ये गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक आलं. कार्नाड जन्मले आपल्या कर्जत लाइनवरच्या नेरळच्या डोंगरावर, माथेरानला. त्यांनी पुरूची बायको चित्रलेखा उभी केली. बापाच्या मागणीपायी ही नवी सून जीव देते.

जपानमध्येही असाच एक बाप आहे. ७१२ साली लिहिलेल्या ‘कोजिकी’तला सुसानोओ हा वादळी देव लेकीवर प्रेम करणाऱ्या तरुणाला सापांच्या खोलीत झोपवतो, पेटत्या माळावर कोंडतो. अकुतागावा र्‍यूनोसुके यांनी १९२०मध्ये या म्हाताऱ्या सुसानोओवर कथा लिहिली. लेक त्या तरुणाबरोबर पळते, तेव्हा तो धनुष्य ताणतो. पण बाण सोडत नाही, दोघांना आशीर्वाद देतो. आशीर्वाद मूळ कथेतही आहे. अकुतागावांनी त्याआधीचा संताप आणि एकटेपणा दाखवला.

डोंबिवलीतल्या आमच्या पिढीला हा बाप ओळखीचा आहे. पहाटेची लोकल पकडायची, रात्री परतायचं. पोरं वाढली ती बरीचशी झोपलेलीच पाहिली. निवृत्त होऊन घरी बसलो तोवर माझी मुलगी बंगळुरूला निघाली होती. ‘एवढं केलं, आता आमच्यासाठी थांबा’ हे वाक्य अशा वेळी प्रत्येक बापाच्या ओठांवर येतं. माझ्याही आलं. ययातीची मागणी याहून वेगळी नव्हती. आपल्या हातून निसटलेली वर्षं पोरांच्या वर्षांतून वसूल करता येत नाहीत, हे या लेखकांनी मला शिकवलं.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तिथे जाऊन ‘ययाति’ मागा. शाळकरी वयात वाचली असेल तर पुन्हा वाचा, मुलं मोठी झाल्यावर. तेव्हा आपण पुरूच्या बाजूने वाचलेली असते. आता मागणारे आपण असतो.