कॉलर माईक बंद पडला तर



आमच्या गावात महिला ग्रामसभा होती, तेव्हाची गोष्ट. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहेच. आमच्या गटातली एक ताई पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली. वस्तीवरच्या बंद हातपंपाचा प्रश्न ती दोन दिवस घोकत होती. दोन वाक्यं झाली आणि कॉलर माईकचा आवाज गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, पुढचा विषय घ्या." ताई खाली बसली. हातपंप इतिवृत्तात आलाच नाही.

सभेनंतर आम्ही कमरेची डबी काढून पाहिली. वळताना साडीच्या घडीत तिचं म्यूटचं बटण दाबलं गेलं होतं. बिघाड काहीच नव्हता! तेव्हापासून हे यंत्र आम्ही समजून घेतलं. तेच आज सांगतो.

या माईकचे तीन भाग. पदराला लावायचा छोटा माईक, कमरेला अडकवायची डबी म्हणजे ट्रान्समीटर, आणि स्पीकरच्या मशीनजवळ ठेवायचा रिसीव्हर. माईकमधला आवाज वायरीने डबीत जातो, डबी तो हवेतून पाठवते आणि रिसीव्हर पकडतो. आपला रेडिओ ठरलेल्या आकड्यावरच लागतो ना, तसंच डबी आणि रिसीव्हर एकाच चॅनलवर हवेत.

आवाज गेला की आधी रिसीव्हरचे दिवे बघा. बहुतेक रिसीव्हरवर दोन खुणा असतात. 'आरएफ' म्हणजे डबीशी जोडणी झाली. 'एएफ' म्हणजे बोलणं पोचतंय. कुठे शोधायचं ते यावरून कळतं.

पहिलं, आरएफचा दिवा लागत नसेल तर डबी चालू आहे का बघा. मग सेल बघा. अधिक-उणे बरोबर आहे ना? एक जुना, एक नवा असं कधी घालू नका. दोन्ही एकदम बदला. सेलच्या पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. तो काढा, जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. सेल ठीक असतील तर दोन्हींचे चॅनल जुळवा.

दुसरं, आरएफ लागतोय पण बोलल्यावर एएफ हलत नसेल तर म्यूटचं बटण बघा. मग डबीत माईकची पिन पूर्ण बसली आहे का, तिचा स्क्रू घट्ट आहे का, ते तपासा. पिनेजवळ वायर हलवल्यावर खरखर झाली तर वायर आतून तुटलेली असते. ती दुकानातून दुरुस्त करून घ्यावी.

तिसरं, एएफ हलतोय आणि तरी आवाज नाही, तर डबीला दोष देऊ नका. रिसीव्हरपासून मशीनपर्यंतची वायर आणि मशीनवरचा आवाज बघा.

आवाज येतो-जातो असं झालं तर अंतर कमी करा. माणसाचं अंग लहरी अडवतं. म्हणून डबीची छोटी वायर साडीत दुमडू नका, मोकळी सोडा. रिसीव्हर लोखंडी कपाटामागे न ठेवता उंच, समोर दिसेल असा ठेवा. दोन डब्या एकाच चॅनलवर एकदम चालवू नका. आवाजात गोंधळ होतो. शिट्टी वाजली तर स्पीकरसमोरून बाजूला व्हा आणि आवाज थोडा कमी करा.

माईक हनुवटीखाली साधारण एक वीत लावा. मंगळसूत्र किंवा पदराची जर घासली की खडखड ऐकू येते. डबी नाडीला बाजूला अडकवा, बटण बाहेर राहील अशी.

काम झाल्यावर सेल काढून ठेवा. वायर डबीभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा.

आता आमच्या गटाने दोन नियम केलेत. सभेआधी अर्धा तास दोघींनी माईक बोलून तपासायचा, आणि वायरचा एक माईक हाताशी ठेवायचा. आणि माईक बंद पडला तर आम्ही सगळ्या उठून म्हणतो, "ताईंचं बोलणं राहिलंय, थांबा."

पुढच्या सभेत ताईने हातपंपाचा विषय पुन्हा मांडला. माईक मध्येच खरखरला. आम्ही वायरचा माईक दिला, तिने वाक्य पुरं केलं आणि ठराव लिहून झाल्यावरच ती बसली.

तुमच्या गटातही एकदा सगळ्या जणी डबी उघडून सेल घालून बघा. हात लावल्याशिवाय भीती जात नाही.